सरखेल घरी आहेत

काकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. अकोल्याच्या जठारपेठेतल्या आमच्या शाळेच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी नाटकासाठी माणसं निवडणं चाललं होतं. आठ-दहा जण स्टेजवर उभं राहून पाळीपाळीने संवाद वाचत होते आणि ज्यांनी निवड करायची ते अमरावतीहून आलेले गृहस्थ खुर्ची उलटी फिरवून, आमच्याकडे पाठ करून बसले होते. दोन्ही हातांत छत्रीची मूठ, मान जराशी कलती. मला वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली असावी.

माझा त्या नाटकाशी काही संबंध नव्हता. मुख्याध्यापक बाईंनी हॉलची किल्ली माझ्याकडे दिली होती आणि सगळे गेल्यावर कुलूप लावून घरी जायचं, एवढंच माझं काम. तेवढ्यात आईचा फोन आला. मी व्हरांड्यात जाऊन बोलले.

"पाच वाजता येईन म्हनलं ना तुले. अन् तू काहून उठली? गुडघा दुखून राहिला ना तुया? बस मुकाट्यानं. डाळ मी भिजू घातली आहे."

आत छत्री जोरात फरशीवर आपटल्याचा आवाज झाला.

"ही कोन आहे?" काकांनी भिंतीला विचारलं.

"इथल्या मॅडम आहेत. शाळेतल्या," कुणीतरी सांगितलं.

"हिले घ्या."

मला धरून स्टेजवर उभं केलं आणि हातात कागद दिला. मी नीट, स्वच्छ, ण आणि ळ सांभाळून वाचलं. बी.एड.ला मी पुण्यात होते. तिथल्या वसतिगृहात मी 'मले' म्हटलं की मुली एकमेकींकडे बघून हसायच्या. तेव्हापासून माझ्या दोन भाषा झाल्या होत्या, घरातली आणि घराबाहेरची. विहारातल्या कार्यक्रमांत लहानपणापासून भाषणं केलेली होती, त्यामुळे घराबाहेरची भाषा मला चांगली जमते असं मला वाटत होतं. वाचून झालं तशी मी थांबले.

"ही नाही," काका म्हणाले. "ते फोनवाली पायजे."

ते नाटक काकांनीच लिहिलेलं होतं. एका सरखेलाचं, म्हणजे जुन्या काळातल्या आरमारप्रमुखाचं नाटक, आणि त्यात समुद्र अजिबात नव्हता. पावसाळ्याचे चार महिने गलबतं किनाऱ्यावर ओढून ठेवत. दर्या बंद, तेव्हा सरखेलालाही घरी बसावं लागे. ज्याच्या नावानं परक्यांची जहाजं वाट बदलत, त्याला स्वतःच्या घरात कुठं बसावं ते समजत नाही. पाणी पिण्याचा गडू कुठं असतो ते माहीत नाही. मुलगा त्याच्याशी अदबीनं बोलतो, जसं एखाद्या सुभेदाराशी बोलावं. बायको आठ महिने सगळं एकटीनं सांभाळते आणि मग चार महिने हा पाहुणा सांभाळते. नाटकाचं नाव 'सरखेल घरी आहेत'. अमरावतीच्या दोन मंडळांनी ते परत केलं होतं. ऐतिहासिक नाटकात लढाई नाही म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. म्हणून काका ते नाट्यस्पर्धेत उतरवायला अकोल्याला घेऊन आले होते. दर शनिवारी दुपारच्या एसटीनं यायचे, मूर्तिजापूरला उतरून चहा घ्यायचे, रात्री एका जुन्या सहकाऱ्याकडे राहायचे आणि रविवारी जेवायच्या वेळेला परत जायचे.

नोकरीत असताना ते पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. सगळा जन्म कालव्याच्या काठानं चालण्यात गेला. त्यामुळे त्यांची नाटकाची भाषासुद्धा तिकडचीच होती. कुणाचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नसला, की छत्री आपटून म्हणायचे, "टेलले पानी पोचलं नाही." कालव्याच्या अगदी शेवटाला जे शेत असतं, ते टेलचं शेत. वरच्या शेतांची पोटं भरल्यावर तिथं काही उरत नाही. काका म्हणत, "पयल्या रांगेतला मानूस तसाही ऐकते. नाटक टेलवाल्यासाठी करा."

त्यांच्या खात्यातल्या दिवसांची एक गोष्ट मला आमच्या सरखेलानं सांगितली. म्हणजे सरखेलाची भूमिका करणाऱ्या माणसानं. तो अंजनगाव सुर्जीचा. घरची फुलशेती, अकोल्यात फुलांचं दुकान. उंचापुरा, मिशाळ, हार ओवता ओवता संवाद पाठ करायचा. त्याच्या वडलांचं शेत एका कालव्याच्या टेलला होतं. एका वर्षी वरचा एक बडा शेतकरी पाळी नसताना रोज गेट उघडून घ्यायचा. काकांनी दोनदा सांगून पाहिलं, नोटीस दिली, काही झालं नाही. मग एके सकाळी काकांनी गेट फिरवायची लोखंडी दांडी काढली, सायकलला बांधली आणि अंजनगावच्या बाजारात येऊन बसले. तो बडा माणूस गाडी घेऊन मागोमाग आला. काकांनी दांडी मांडीवर घेतली आणि म्हणाले, "तुमची पाळी गुरुवारी आहे. गुरुवारी मी सोता येऊन गेट उघडून देतो. आज बाजार करा." पुढच्या महिन्यात त्यांची बदली झाली. पण त्या वर्षी फुलवाल्याच्या वडलांचा गहू पाण्यावाचून राहिला नाही. "म्हनून मी आलो नाटकात," फुलवाला मला म्हणाला. "नाहीतं मले कुठं नाटकाचं येते?"

काकांच्या सवयींना आम्ही हळूहळू सरावलो. भूमिका ठरली त्या दिवसापासून ते आम्हाला खऱ्या नावानं हाक मारत नसत. मी सरखेलीन, म्हणजे सरखेलाची बायको. शाळेच्या ऑफिसात फोन करून विचारायचे, "सरखेलीन आहे काय?" मुख्याध्यापक बाईंनी पहिल्यांदा राँग नंबर म्हणून ठेवून दिला. दुसऱ्यांदा त्यांनी शिपायाला सांगितलं, "जा, ती सरखेलीन कोण आहे बघ." त्यानंतर शाळेत माझं तेच नाव पडलं. मोबाइलवर फोन करा म्हटलं तर म्हणायचे, "मोबाइल मानूस कुठंही उचलते. ऑफिसचा फोन आला की उठून उभं राहून बोलते. मले उभं राहनारं मानूस पायजे."

छान हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "चालते." तीही भिंतीकडे तोंड करून. खुर्ची उलटी का ठेवता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "डोये फसतात. चांगलं लुगडं नेसलं की डोयाले वाटते बाई चांगली बोलली."

पडदा ते स्वतःच ओढणार, हेही पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. स्पर्धेच्या हॉलला दोरीचा पडदा होता. बाकी सगळं काम दुसऱ्यावर सोपवत, दोरी नाही. "गेट कवा बंद करायचं हे ज्याले समजलं, त्याले कालवा समजला," असं त्यांचं मत.

एका रविवारची तालीम मी विसरणार नाही. फुलवाल्याला पहिला प्रवेश दणदणीत करायचा होता. त्यानं कुठून तरी पत्र्याची तलवार आणली होती, धूर सोडायचं यंत्र भाड्यानं मिळतं का याची चौकशीही केली होती. काका म्हणाले, "तलवार खुंटीले लाव. घरात कोनी तलवार घेऊन फिरते काय? जोडे काढ."

फुलवाल्यानं दारात जोडे काढले.

"चुकलं. परत."

त्यानं परत घातले, परत काढले. असं दहा-बारा वेळा झालं. शेवटी तो वैतागला. "काका, जोडे काढायचे म्हंजे अजून कसे काढायचे?"

काका पहिल्यांदाच खुर्चीवरून उठले. स्टेजवर आले, दाराच्या चौकटीत उभे राहिले. "आपल्या घरी मानूस जोडे न पाहता काढते. पाय वर, जोडा खाली, झालं. पावना मात्र पाहते, कुठं काढू, कुनाच्या पायात तं येनार नाही. तू या घरचा मालक आहेस, पन तू पाहून काढशील." त्यांनी स्वतः करून दाखवलं. खाली पाहिलं, थोडं थांबले, एक जोडा कडेला ठेवला, मग दुसरा त्याच्याशेजारी नीट लावला. एवढंच. त्या क्षणी मला वाटलं, हे यांनी पुस्तकात वाचलेलं नाही.

भाषेवरून मोठा वाद झाला. दरबारी माणसं भेटायला येतात तेव्हा सरखेल भारदस्त बोलतो आणि घरात बायकोशी वऱ्हाडी बोलतो, असं काकांनी लिहिलं होतं. आमच्यातल्या एका जुन्या नटानं हरकत घेतली. सरखेल कोकणातला, तो 'मले तुले' कसा म्हणेल? परीक्षक हसतील.

"मंग तो पुन्याचं बोलत होता काय?" काकांनी विचारलं. "कोकनातली घरची बोली मले येत नाही. येत असती तं तेच लिहिली असती. मले घरची एकच भाषा येते. घरातला मानूस घरच्या भाषेत बोलनार. नाहीतं तो घरी आलाच नाही असं होते."

तो नट दुसऱ्या दिवसापासून आला नाही. मला मात्र त्या दिवशी घरी जाताना हलकं वाटलं. हजार माणसांपुढे 'मले' म्हणायचं, आणि तेही सरखेलाच्या बायकोनं. ते मी पुढच्या तालमीत मोठ्यानं म्हटलं तेव्हा काका म्हणाले, "चालते."

अडचण शेवटच्या पानाची होती. पाऊस संपतो, गलबतं पाण्यात उतरतात, माणसं बाहेर हाका मारत असतात. सरखेल जोडे घालतो आणि उंबऱ्याशी थांबून बायकोला विचारतो, "ज्या दिवशी पोरगी गेली, त्या दिवशी काय झालं होतं?" त्यांची लहान मुलगी तो दर्यावर असताना गेलेली असते, आणि त्यानं याआधी कधी विचारलेलं नसतं. त्याच्याखाली एवढंच लिहिलं होतं : 'ती सांगते. पडदा.' मग कोरी जागा.

"काय सांगते?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"ते नंतर देतो."

स्पर्धा दहा दिवसांवर आली तरी ते पान आलं नाही. तालमीत माझ्यापाशी प्रश्न यायचा, मी तोंड उघडायची आणि काका भिंतीकडे बघत म्हणायचे, "इथं ती सांगते. पडदा." मग हवेतली दोरी ओढायचे. फुलवाला मला म्हणाला, "मॅडम, मी दर तालमीले उंबऱ्यावर उभा राहून राहिलो अन् तुमी काही सांगतच नाही." शेवटी मी काकांना स्पष्ट विचारलं. त्यांनी छत्री बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मले माहीत नाही ते काय म्हनली असती. चाळीस वेळा लिहिलं अन् फाडलं."

मी ठरवलं की त्यांच्या घरी जाऊन, समोर बसून लिहून घ्यायचं. बुधवारी शाळेला सुट्टी होती. सकाळच्या बसनं अमरावतीला गेले. काका घरी नव्हते, पेन्शनच्या कामाला गेले होते. काकू होत्या. लहानखुऱ्या, चटपटीत. मागच्या पडवीत तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी सरखेलीन म्हणून ओळख दिली तशा हसल्या. "बस. सोलू लाग. रिकाम्या हातानं गोठी होत नाही."

आम्ही सोलत बसलो. कशाला आलीस, असं त्यांनी विचारलं. मी शेवटच्या पानाचं सांगितलं. सरखेल काय विचारतो तेही सांगितलं. काकूंचे हात थांबले.

"असं लिहिलं त्यायनं?"

"हो."

"नाटकात विचारते काय तो?"

"हो. जाता जाता विचारतो."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मग त्या बोलायला लागल्या, अगदी साध्या आवाजात, जसं कुणी शेजारणीकडचं सांगावं.

"चार वर्षाची होती. हे तवा कालव्यावर, चौकीत राहत. रब्बीचं पानी सुटलं की महिना महिना घरी येत नसत. तीन दिवस ताप होता. चवथ्या दिवशी अंग थंड लागलं तं मले वाटलं उतरला. उठून बसली. म्हने, मायी वेनी घाल. घातली. मंग मांडीवर निजली, ते निजलीच. हे दोन दिवसांनी आले. कोन्या बाईनं त्यायले सांगितलं, पोरगी बाबा बाबा करत गेली म्हनून. तिले वाटलं असंन, बापाले असंच सांगायचं असते. तवापासून त्यायच्या डोक्यात तेच आहे." काकूंनी पदरानं हात पुसले. "तिनं एकदाही त्यायचं नाव नाही घेतलं. हे घरी असत कुठं? तिले सवयच नव्हती. म्हनून ते रडली नाही, घाबरली नाही. मले धरून सुखानं गेली."

मी विचारलं, "मग तुम्ही काकांना सांगितलं का नाही?"

"सांगायले बसली की ते उठून जात. अन् खरं सांगू? हे ऐकून त्यायले बरं वाटन का वाईट वाटन, तेच मले समजलं नाही. चाळीस वर्षं झाली, अजून समजलं नाही."

थोड्या वेळानं त्यांनीच म्हटलं, "तू सांग. पन तालमीत नको सांगू, तिथून ते उठून जातीन. नाटकाच्या दिवशी सांग. दोरी त्यायच्याच हातात असते ना? दोरी सोडून कुठं जातीन?"

परतीच्या बसमध्ये मी मनातल्या मनात उलटसुलट करत राहिले. मोठ्या माणसाचं दुःख त्याला न विचारता शेकडो लोकांपुढे मांडायचं, हे बरोबर की चूक, मला ठरवता येईना. पण ज्यांचं ते दुःख तेवढंच होतं, त्या काकूंनीच सांग म्हटलं होतं. उरलेल्या तालमींत मी गप्प राहिले. "ती सांगते. पडदा," काका म्हणत आणि मी मान हलवत असे. शेवटच्या तालमीला काकांनी मला विचारलं, "मंग? त्या जागी काय बोलसान?" मी म्हटलं, "एखादं वाक्य बोलीन काका. उभं राहिल्यावर सुचेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी त्यांनी असं कुणाचं चालवून घेतलं नसतं. त्या दिवशी चालवून घेतलं.

प्रयोगाला काकू आल्या नाहीत. हॉल निम्मा भरलेला. पहिल्या वाक्याला मागच्या रांगेतून हसू आलं, 'मले' ऐकून. दुसऱ्या प्रवेशापर्यंत ते थांबलं. फुलवाल्यानं जोडे असे काढले की कुणीतरी पुढच्या रांगेत चुकचुकल्याचं मी ऐकलं. काका विंगेत, दोरीशी, आमच्याकडे पाठ करून उभे.

शेवटच्या प्रवेशाआधी मी फुलवाल्याला हळूच सांगितलं, "मी थोडं जास्त बोलणार आहे. तुम्ही फक्त उभे राहा."

"किती जास्त?"

"ते मलाही माहीत नाही."

त्यानं उंबऱ्याशी येऊन विचारलं. आणि मी सांगितलं. ताप, चौथा दिवस, वेणी. कालवा आणि चौकी सोडून सगळं काकूंच्या शब्दांत. "तिनं तुमचं नाव नाही घेतलं. तुमी घरी असता कुठं? तिले सवयच नव्हती. म्हनून ते रडली नाही. मले धरून सुखानं गेली. याच्यानं तुमाले बरं वाटन का वाईट, मले समजलं नाही. म्हनून नाही सांगितलं."

माझं बोलणं संपलं. आता पडदा पडायला हवा होता. पडला नाही.

आम्ही दोघे तसेच उभे. विंगेकडे पाहायची माझी हिंमत होईना. सरखेल उंबऱ्यावर, बाहेर माणसं हाका मारून थांबलेली, आणि पडदा येत नाही. मग फुलवाल्यानं ते केलं जे कुठं लिहिलेलं नव्हतं. त्यानं पाय वर केला, जोडा खाली सोडला. दुसरा सोडला. एकदाही खाली न पाहता. आणि उंबऱ्यावरच बसला.

तेव्हा पडदा पडला. एक बाजू आधी, दुसरी अडकत अडकत.

आत अंधारात मी विंगेकडे धावले. काका दोरी धरूनच उभे होते. तोंड आमच्याकडे होतं. त्यांनी फक्त विचारलं, "कोनं सांगितलं?"

"काकूंनी."

त्यांनी दोरीची गाठ नीट मारली, दोनदा ओढून पाहिली, छत्री घेतली आणि मागच्या दारानं निघून गेले. निकालाला थांबले नाहीत. निकाल तसाही काही विशेष लागला नाही. मला अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं, नाटक पुढच्या फेरीत गेलं नाही. एका परीक्षकानं शेरा दिला की घरगुती प्रसंगांतली भाषा खटकते, आणि दुसऱ्यानं दिला की शेवट अनपेक्षित पण परिणामकारक. फुलवाल्याला मी विचारलं, तुम्हाला ते सुचलं कसं? तो म्हणाला, "पडदा पडेना, मंग मी जाऊ कसा? अन् बाई एवढं सांगून राहिली, तं कोन जाईन?"

तीन आठवडे काकांचा फोन आला नाही. मी केला तर कुणी उचलला नाही. मी रोज स्वतःला विचारत होते, की मी हे काय करून बसले. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "खरं सांगितलं ना? मंग वाट पाह्य."

चौथ्या आठवड्यात काकूंनी उचलला. मी भीत भीत विचारलं, काका कसे आहेत?

"बोलून राहिले," काकू म्हणाल्या. "पयले आठ दिवस कोनाशी नाही बोलले. आता बोलूनच राहिले. तवा काय होतं, तिचे केस केवढे होते, कोनत्या हातानं जेवे. मले सैपाक करू देत नाही. मी म्हनलं, बाप्पा, चाळीस वर्षांचं एका महिन्यात विचारता काय?"

त्यानंतर दोनच दिवसांनी शाळेच्या ऑफिसात फोन आला. शिपाई सांगत आला, "मॅडम, सरखेलीनचा फोन." मी धावत गेले आणि उभी राहिले. काका त्या रात्रीबद्दल काही बोलले नाहीत. धामणगाव रेल्वेच्या एका व्यापारी मंडळानं नाटकाला बोलावलं होतं. पण आता नाटकात नवं बोलणं आलेलं, त्यामुळे प्रयोगाच्या सरकारी परवानगीसाठी संहिता पुन्हा पाठवायला हवी, आणि तिच्यावर लेखकाची सही लागते. "रविवारी घरी या. सरखेलालेही आना," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

आम्ही गेलो. फुलवाल्यानं काकूंसाठी शेवंतीची टोपली नेली. काकांनी सगळं नाटक नव्यानं, सुवाच्य अक्षरात लिहून काढलं होतं. शेवटच्या पानावर मी बोललेलं सगळं होतं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. फक्त स्टेजवर बोलताना माझ्याकडून एक वाक्य सुटलं होतं, ते त्यांनी काकूंना विचारून घातलं होतं. सरखेल जोडे काढून बसतो, हेही लिहिलं होतं. आणि अर्जावर लेखक या रकान्यात दोन नावं होती. एक त्यांचं. दुसरं काकूंचं, माहेरच्या आडनावासकट.

"माह्यं नाव कशाले?" काकू म्हणाल्या. "मी काय लिहिलं?"

"जे मले लिहिता आलं नाही ते," काका म्हणाले. "सही कर."

काकूंनी हात धुतले, चष्मा लावला. सही करायच्या आधी कागद वाचायचे असतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी शेवटचं पान वाचलं, मान हलवली. मग गठ्ठा उलटवला आणि पहिलं पान काढलं. त्यात सरखेल घरी येतो आणि सरखेलीन दारात ताट घेऊन त्याला ओवाळते.

"हे काय लिहिलं?" त्यांनी विचारलं. "मी कवा ओवायलं तुमाले? तुमी याचे तवा मी विहिरीवर असो, नाहीतं गायीखाली धार काढत. तुमी येऊन बसून राहत. मीच मागून येऊन पाहो, कोन आलं म्हनून."

फुलवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. ज्या माणसानं आम्हाला एक शब्द कधी बदलू दिला नाही, त्याच्या पहिल्याच पानाला हात घातला गेला होता. काकांनी छत्री आपटली नाही. खिशातून पेन्सिल काढली, ओवाळण्याच्या ओळींवर आडवी रेघ मारली आणि आपली खुर्ची ओढून काकूंच्या समोर, त्यांच्याकडे तोंड करून बसले.

"हं," ते म्हणाले. "मंग? विहिरीवरून आली, अन् काय पाहिलं?"